एक, दोन, अडीच

"एक... दोन... अडीच."

माउसवर पंजा ठेवायचा, आंबील ढवळावी तसा तो गोल फिरवायचा आणि पडद्यावरचा बाण हलेपर्यंत तोंडाने मोजायचं, ही त्यांची तपासणी. डॉक्टर नाडी धरतात तेव्हा जसे दुसरीकडेच कुठेतरी बघत असतात, तसे तेही मोजताना खिडकीबाहेर बघायचे. तीन हा आकडा मात्र त्यांच्या तोंडून कधी आला नाही. बाण हलायला चार सेकंद लागले तरी ते 'अडीच'लाच ओढत न्यायचे. तीनशी काय वाकडं आहे, असं मी एकदा विचारलं होतं.

"बाई, तीन म्हनलं का मानूस उठून चाल्ला जाते. अडीचपावतर आशा राह्यते," ते म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना रुचायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ते क्वचितच वापरलं. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. तुमच्याही आसपास असा एखादा माणूस असेलच. त्याचा फोननंबर सगळ्यांकडे असतो, काम अडलं की सगळ्यांना तो आठवतो, आणि काम झालं की त्याला चहा विचारायचं तेवढं राहून जातं. निदान चहाच्या बाबतीत तरी आम्ही चुकलो नाही, एवढं समाधान आहे.

साकोलीत महामार्गाला लागून, एका औषधांच्या दुकानाच्या वर आमची खोली आहे. खोलीत पाच टेबलं, पाच पडदे आणि पाच बायका. मी सहावी, म्हणजे त्यांची प्रमुख. प्रमुखाला आमच्याकडे खुर्ची आहे, टेबल नाही. खालून ट्रक गेला की खिडकीची तावदानं वाजतात आणि बोलणारी बाई तेवढ्यापुरती थांबून पुढे बोलायला लागते.

आमचं काम तलावांचं. भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, आणि त्यांचे जुने कागदी नकाशे कपाटांतून पिवळे पडत होते. ते स्कॅन करून झाले होते. त्यांच्यावर एकेक रेघ ओढून तलावाचा काठ, पार म्हणजे बांध, आणि कालवा संगणकात उतरवायचा, हे आमच्याकडे आलं. पण नकाशे, ते उघडणारा प्रोग्राम, सगळं काही नागपुरातल्या एका मोठ्या लिनक्स संगणकावर. आमच्या टेबलांवर नुसतं त्याचं चित्र दिसायचं. आम्ही इथे माउस हलवायचा, हुकूम नागपूरला जायचा, तिथे रेघ उमटायची आणि तिचं चित्र साकोलीला परत यायचं. वाटेत ते चित्र कुठे चहाला थांबत होतं कोण जाणे. बाईने रेघ डावीकडे ओढली की बाण आधी जागचा हलायचा नाही, आणि मग असा धावत सुटायचा की तलाव ओलांडून शेजारच्या गावात जाऊन थांबायचा.

काम देणाऱ्या नागपूरच्या कार्यालयाने तीन महिन्यांची मुदत घातली होती. प्रत्येकीचे दिवसाला आठ नकाशे झाले तर खोली कायम राहील. नाही झाले तर काम नागपुरातच होईल, ज्यांना करायचं असेल त्यांनी तिकडे यावं. त्यांच्या बाजूने ते रास्तच होतं. पण आमच्यातली एकही बाई नागपूरला जाणार नव्हती. सुजाताचंच घ्या. ती एकोडीची. बारावी झाल्यावर चौदा वर्षं तिने रोवणी आणि कापणी केली होती, आणि ही तिची पहिली नोकरी. पाचची बस पकडून घरी येत असशील तर जा, असं सासूने सांगितलेलं. मुदतीतला पहिला महिना संपला तेव्हा तिचे दिवसाला तीन नकाशे होत होते. ती सगळ्यांत हुशार होती, हे लक्षात घ्या.

इथे माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मला सूचना लिहून भिंतीवर लावायची हौस आहे. 'चपला बाहेर काढाव्यात', 'जाताना पंखा बंद करावा', 'डबा खाऊन झाल्यावर टेबल पुसावे', अशा आमच्या भिंतीवर सात-आठ सूचना आहेत, सगळ्या माझ्या अक्षरात आणि प्लॅस्टिकचं आवरण घातलेल्या. पहिल्याच आठवड्यात सुजाताने संध्याकाळी लॉग आऊट केलं आणि तिचा अर्धा दिवस खपून केलेला नकाशा गेला, कारण तो जपून ठेवायचं राहिलं होतं. ती रडली. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत सूचना लावली: 'लॉग आऊट करण्यास सक्त मनाई आहे. फक्त फुलीवर दाबून खिडकी बंद करावी.' उपाय लागू पडला. त्यानंतर बरेच दिवस कुणाचा नकाशा गेला नाही, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

काकाजींचं नाव खालच्या औषधवाल्याने सुचवलं. ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर निळ्या तारेचं वेटोळं होतं आणि हातात मासे आणायची पिशवी होती. पिशवीतून त्यांनी लॅपटॉप काढला. त्याच्याबरोबर जो वास बाहेर आला, त्याने शेजारची बाई खुर्चीसकट दोन फूट मागे सरकली.

"सकाडी मासोळी होती याच्यात," ते शांतपणे म्हणाले. "आता मशीन आहे. घाबरू नोका."

ते ढिवर. पहाटे तलावावर जाळं ओढायचं आणि दहानंतर तालुकाभर संगणक बघत हिंडायचं, असा त्यांचा दिवस. तरुणपणी महामार्गाच्या कडेने टेलिफोनची केबल टाकायला खड्डे खणायला गेले. खड्डा खणणारा माणूस केबल जोडणाऱ्याकडे बघत राहिला आणि काही वर्षांनी स्वतःच जोडायला लागला. पुढे मुलगी शिकून हैदराबादला नोकरीला गेली आणि जाताना तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली. तो इतका थकलेला होता की नेहमीची सिस्टीम त्याला पेलेना. मुलीने फोनवरून एकेक ओळ सांगितली, यांनी एकेका बोटाने टाइप केली आणि लॅपटॉपवर लिनक्स नावाची हलकी सिस्टीम चढवली. त्याला तीन रविवार लागले. "जाळं शिवाले याच्याऊन जास्ती दिवस लागतेत," असं ते म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला इंटरनेटचा डबा कुठे आहे ते विचारलं. मी अभिमानाने दाखवला. लोखंडी कपाटाच्या मागे, धूळ बसू नये म्हणून मी स्वतः विणलेल्या रुमालाखाली तो मी जपून ठेवला होता. काकाजींनी रुमाल उचलला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"बाई, याले थंडी नाही लागत," ते म्हणाले. "याले बोलाचं आहे. तोंड बांधून, लोखंडाच्या मांगं उभं करून तुमी याले बोलाले लावून राहिले."

डबा खोलीच्या मधोमध आला. पाचही टेबलांना निळी तार गेली. बायका पाय टाकताना पदर सावरतात तशा तारा सावरायला लागल्या. काकाजींनी माउस गोल फिरवला. "एक... दोन." अडीचची गरज पडली नाही. त्या दिवशी सुजाताचे पाच नकाशे झाले आणि आम्ही खालून भजी मागवली.

पण चार दिवसांनी पुन्हा तेच. बाण पुन्हा शेजारच्या गावात.

मग त्यांची नजर चित्रांवर गेली. दर बाईने नागपूरच्या त्या संगणकावर आपल्या पडद्यामागे काही ना काही लावलं होतं. एकीकडे धबधबा होता, एकीकडे कमळं होती. सुजाताने तिच्या लेकीचा फोटो लावला होता, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोर झालेली, मागे सगळा पिसारा पसरलेला.

"पोरी, हे लेकरू तुह्या घरी एकोडीले आहे ना?"

"हो काकाजी."

"मंग हे नागपूरले काहून राह्यते? तू खिडकी सरकवली का हिचा फोटो तिथून निंगते, साकोलीले येते. अखीन सरकवली का अखीन येते. दिवसातून हजार बाऱ्या या लेकराले प्रवास. पिसाऱ्यासगट."

बायका हसल्या, सुजाताही हसली. पण फोटो काढण्याआधी तिने खिडक्या बाजूला सारून तो एकदा पूर्ण बघून घेतला, ते मला दिसलं. त्यांनाही दिसलं असावं. सगळ्यांचे पडदे त्यांनी साध्या राखाडी रंगाचे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते त्या मोराचा कागदावर छापलेला फोटो घेऊनच. पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने त्यांनी तो चिकटवला आणि अंगठ्याने कोपरे दाबले.

"आता हिले यायले तार नाही लागत," ते म्हणाले.

दूरच्याला थोडंच सांगावं, हा त्यांचा सिद्धान्त होता. खिडक्या उघडताना ज्या तरंगत यायच्या ते त्यांनी बंद केलं. सावल्या काढल्या. पडद्याचा आकार लहान केला. मग रंग कमी केले. "बारीक जाळं टाकलं का मासोळी तेवढीच येते, पन चिखल जास्ती येते," असं म्हणत ते दर दोन-तीन दिवसांनी एकेक गोष्ट कमी करत गेले. रंग कमी केल्यावर पडद्यावरचे तलाव जरा मळके दिसायला लागले. एका बाईने तक्रार केली तेव्हा म्हणाले, "तलाव असाच असते. निळा फक्त क्यालेंडरवर राह्यते."

त्यातच एकदा गंमत झाली. माउस फिरवता फिरवता ते थबकले आणि पडद्यावर वाकले. सुजाता काढत होती तो त्यांच्या गावचा तलाव निघाला.

"हा कोपरा कापला काहून?"

"कागदावर तिथे डाग आहे काकाजी. काही दिसत नाही. म्हणून सरळ रेघ मारली."

"सरळ नाही. इथं आत जाते पानी. लय खोल आहे. माया बापाचं जाळं इथंच अटकलं होतं, मी बुडी मारून काढलो." त्यांनी पडद्यावर बोटाने वळण काढून दाखवलं. नागपूरला विचारून, दुसऱ्या जुन्या नकाशाशी ताडून बघितलं, तर वळण तिथेच होतं. त्या दिवसापासून कुठे डाग आला की बायका "काकाजी, इथं पानी कसं?" असं विचारायच्या. नेहमीच त्यांना ठाऊक असायचं असं नाही. ठाऊक नसलं की तसं सांगायचे.

हे सगळं गोड होतं, पण आकडा वाढत नव्हता. उलट एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. ते काही दुरुस्त करून गेले की एक दिवस बरं चालायचं आणि मग आधीपेक्षा वाईट. मुदतीचे शेवटचे बारा दिवस उरले होते आणि आम्ही पुन्हा चार नकाशांवर आलो होतो. मोजताना आता 'अडीच' इतकं लांबायचं की मध्ये एक ट्रक जाऊन यावा. सुजाता मला एकदा हळूच म्हणाली, "बाई, सासूबाई विचारून राहिल्या, पुढच्या महिन्यात कापनीले तू घरी आहेस का म्हणून. मी काय सांगू?" मी नवीन सूचना लिहायला घेतली आणि ती अर्धवट सोडली.

काकाजींचाही चेहरा उतरला होता. "बाई, माया हात लागला का बिघडते," ते म्हणाले. "तुमी दुसरा मानूस पाहा." आमच्या आसपास दुसरा माणूस नव्हता आणि असता तरी आम्ही आणला नसता. मी त्यांना बसवलं आणि चहा मागवला. तेवढ्यात वीज गेली.

वीज गेली हे आमचं नशीब. इतके दिवस ते खोलीत आले की पडद्यातच घुसायचे. आता पाचही पडदे काळे, तेव्हा चहा पिता पिता त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्या सूचना पहिल्यापासून वाचायला लागले. चपला. पंखा. डबा. मग कप खाली ठेवला.

"हे कोनं लिवलं?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, अक्षराचं कौतुक करताहेत.

"कायले?"

मी सुजाताच्या गेलेल्या नकाशाची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होते. वीज आल्याबरोबर त्यांनी स्वतःचा लॅपटॉप नागपूरला जोडला, दोन ओळी टाइप केल्या आणि एक लांबलचक यादी समोर आली. त्यांनी ती मोजली. पुन्हा मोजली.

"बाई, तुमी किती जनी?"

"पाच."

"तिथं चाळीस बसल्या आहेत."

आम्ही सगळ्या त्यांच्या लॅपटॉपभोवती गोळा झालो. वासाचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते मी सांगते. फुली दाबली की खिडकी बंद होते, पण नागपूरच्या संगणकावरचं आपलं टेबल तसंच मांडलेलं राहतं. दिवा चालू, नकाशा उघडा. दुसऱ्या दिवशी आपण त्याच टेबलावर परत जाऊन बसतो, इथपर्यंत काही बिघडत नाही. पण काकाजींनी पडद्याचा आकार बदलला की तिकडच्या यंत्राला वाटायचं, ही कुणी दुसरीच बाई आली. ते तिला नवीन टेबल मांडून द्यायचं, आणि जुनं तसंच राहायचं. रंग कमी केले, पुन्हा नवीन टेबल. दर दुरुस्तीला पाच टेबलं वाढत होती आणि निघताना आवरून जायला माझ्या भिंतीवर सक्त मनाई होती. ते बिचारं यंत्र चाळीस नकाशे डोक्यावर घेऊन उभं होतं.

"म्हनजे मी दुरुस्त करत गेलो तसं बिघडत गेलं," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग बराच वेळ हसत राहिले. मला मात्र हसू येईना. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पाच बायकांची नोकरी मी प्लॅस्टिकचं आवरण घालून भिंतीला टांगून ठेवली होती, आणि रोज सकाळी त्या पाटीवरची धूळही पुसत होते.

नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. काय झालं ते सांगायला मी तोंड उघडणार, तर काकाजींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"साहेब, चूक माही आहे. आकार बदलवला, जुनं बंद करून घेतलं नाही. मलेच समजाले पायजे होतं." पाटीबद्दल अवाक्षर नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, काकाजी, असं कशाला केलंत. तर म्हणाले, "अर्धी माही होतीच ना. अर्धीसाठी दुसरा फोन कायले लावाचा?"

मग दुपारभर त्यांनी ती टेबलं एकेक करून आवरली. एकदम सगळी बंद करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. एकेक उघडायचे, त्या बाईला बोलवायचे आणि विचारायचे, "पोरी, याच्यात काही जिवंत आहे का?" तिने बघून नाही म्हटलं की मगच बंद. आणि कितीतरी ठिकाणी जिवंत निघालं. अर्धे काढून विसरलेले नकाशे, हरवले म्हणून पुन्हा काढायला घेतलेले तलाव, सगळे तिथे जसेच्या तसे उघडे बसले होते. दर वेळी एकेक बाई आपला तलाव सापडल्याच्या आनंदात टाळी वाजवायची. संध्याकाळी यादीत पाच नावं राहिली.

त्यांनी सुजाताच्या माउसवर पंजा ठेवला. "हात काढा. सगळ्याईनं हात काढा," म्हणाले, कुणाचाही हात नसताना. गोल फिरवला.

"ए..."

'क' तोंडातच राहिला. बाण त्यांच्या हाताबरोबर फिरत होता. त्यांनी हात उचलला, पंज्याकडे संशयाने पाहिलं आणि पुन्हा फिरवला. मग माउस सुजाताकडे सरकवून खिडकीबाहेर बघत राहिले.

पाटी त्यांनी फाडली नाही. खिळ्यावरून काढली, आवरणातून कागद सोडवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याच पेनने लिहिलं: 'काम जपून ठेवावं. मंग निंगताना सांगून निंगावं.' अक्षर गिचमिड होतं. माझ्या सात सुवाच्य सूचनांमध्ये ती पाटी आजही लटकते आहे, आणि बायका पाळतात अशी भिंतीवरची तेवढी एकच सूचना आहे.

मुदत संपली त्या दिवशी नागपूरहून फोन आला. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीचे दिवसाला आठाच्या वर नकाशे झाले होते, सुजाताचे दहा. खोली कायम. सुजाताने सासूला फोन लावला आणि म्हणाली, "आई, कापनीले मानूस पाहा. मी नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण पाचच्या बसला जाताना ती जिन्यावरून उड्या मारत उतरली. काकाजींनी त्या दिवशी सगळ्यांना पानात बांधून मासोळी आणली होती. आमच्या घरी ती रात्री भाताबरोबर झाली आणि माझी ओढणी दोन दिवस त्या वासाची राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर ते आठवड्यातून एकदा यायचे. काही बिघडलेलं नसायचं. दर टेबलावर माउस गोल फिरवायचे, "एक" म्हणायचे, चहा प्यायचे आणि निघताना दारात उभं राहून "निंगतो" असं मोठ्याने सांगायचे. गावाला गेले तर तिकडूनही बघता यावं म्हणून त्यांनी एक सोय करून ठेवली होती. सुजाताच्या पडद्यावर जे चाललंय ते त्यांना त्यांच्या लॅपटॉपवर दिसे, आणि त्यांनी तिथे माउस हलवला तर बाण इथे हले.

आणि मग एक आठवडा ते आलेच नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाही. फोन बंद. औषधवाल्याने कुठूनतरी ऐकलं की घराला कुलूप आहे, नवरा-बायको दोघंही मुलीकडे हैदराबादला गेले, कधी येणार माहीत नाही. आम्हाला राग आला. खरं तर वाईट वाटलं होतं, पण पाच-सहा बायका एका खोलीत असल्या की वाईट वाटण्यापेक्षा राग येणं सोपं पडतं. "सांगून निंगावं म्हनते आन् स्वतः पाहा," सुजाता पाटीकडे बघत म्हणाली. कुणीतरी ती पाटी उलटी करावी असं सुचवलं. कुणी केली नाही.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या इंजिनिअरचा फोन आला. जी खाती वापरात नाहीत ती येत्या शनिवारी बंद करतो आहे, काकाजींचंही त्यात आहे, चालेल ना? नियमाने बरोबरच होतं. मी चालेल म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उगाच दोन टेबलं पुसली.

शुक्रवारी दुपारची गोष्ट. सुजाता डबा खाऊन हात धुऊन आली, खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हात एकदम वर उचलले.

"बाई, मी हात नाही लावला."

तिच्या पडद्यावर, अर्ध्या काढलेल्या तलावाच्या बरोबर मधोमध, बाण गोल फिरत होता. एकदा, दोनदा, आंबील ढवळल्यासारखा. आम्ही सगळ्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. बाण थांबला. कोपऱ्यात लिहिण्याची कोरी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर उमटायला लागलं. एका बोटाने टाइप केलेलं आहे, हे ज्यांनी ते बोट पाहिलंय त्यांना लगेच कळतं.

'पोरी हो. बाई. नातीन झाली. म्हयनाभर आंधीच झाली म्हनून घाईत निंगालो. फोन रेल्वेत चोरीले गेला. आता बरी आहे. पन आता इथंच राहा लागते. सांगाचं राह्यलं होतं.'

सुजाताने कीबोर्ड पुढे ओढला आणि खाली लिहिलं, 'नाव काय ठेवलं?'

पलीकडून काही येईना. खालून एक ट्रक गेला, तावदानं वाजली. मला वाटतं सुरुवात सुजातानेच केली, पण आम्ही सगळ्या जणी हळूच मोजत होतो. "एक... दोन... अडी..." आणि अडीच लांबवत राहिलो, लांबवत राहिलो.

'अखीन नाही ठेवलं. तुमी पाठवा. एकच पाठवा, जास्ती नोका.'

मग बाण वर गेला, पडद्याच्या कडेने मोराच्या फोटोपाशी जरा थांबला. तो फोटो कागदावरचा, त्यांना तिकडून दिसणं शक्य नव्हतं. पण जागा त्यांना माहीत होती. खाली परत येऊन त्यांनी शेवटची ओळ लिहिली.

'बरं. निंगतो.'

बाण नाहीसा झाला. मी माझा मोबाइल काढला, काकाजींनीच त्यावर लावून दिलेली नागपूरच्या यंत्रावरची यादी उघडली आणि मोजली. पाच बायका, पाच नावं. सहावं नव्हतं. सांगून गेले होते.